गंगामामीचा मोडेम

रविवार, २ फेब्रुवारी

ही डायरी मिळून महिना झाला. अनिलदादाच्या टेबलावर पतपेढीच्या चार पडल्या होत्या, त्यातली एक उचलली. पहिल्या पानावर नाव घातलं, समर्थ, आणि खाली ‘रोज लिहिणे’ असंही लिहिलं. मग पेन संपलं. नवीन पेन आणलं तर जेटीवर कुणीतरी माणसाएवढा शिंगाळा मासा आणलाय म्हणून बघायला गेलो. मग सर्दी झाली. सर्दीत काय लिहायचं? असा महिना गेला.

आज लिहितोय कारण काल एक नाव दिसलं.

आधी कामाचं. अनिलदादाच्या केबल ऑफिसात लागून मला तीन महिने झाले. माझ्यासाठी हे पुष्कळ आहे. देवरूखला कॉलेज अर्धं सोडलं, सावर्ड्याला टायरच्या दुकानात, मग गोव्याला हॉटेलात, मग पालीला मित्राच्या वडापावच्या गाडीवर. इथे मात्र खुर्ची आहे आणि समोर स्क्रीन. गावातले सगळे मोडेम त्यावर ओळीने दिसतात. चालू तो हिरवा, बंद तो लाल. एखाद्यावर बोट ठेवलं की त्याची तब्येत दिसते: सिग्नल किती पोचतोय, परत येतोय तो किती जोर लावून येतोय, वायरीत खरखर किती, शेवटचा कधी सुरू झाला. घरात पाऊल न टाकता. पहिल्या दिवशी मला हे भयंकर वाटलं होतं, म्हणजे चांगल्या अर्थाने.

तर काल खाली खाली जाताना नाव दिसलं: गंगा केरू शिवलकर.

माझी गंगामामी. सख्खी नाही. बाबा रत्नागिरी डेपोला कंडक्टर होते तेव्हा आम्ही तिच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायचो. मी पहिलीत आलो आणि पाचवीत गेलो. वाडीत केबल सगळ्यात आधी तिच्याकडे आली होती. चित्राला मुंग्या आल्या की केरूमामा कौलांवर चढून वायर हलवायचा आणि वरून ओरडायचा, ‘आली काय?’ मामी आतून, ‘नाय!’ ‘आता?’ ‘आली आली! हात काढू नको!’ अर्धा पिक्चर मामा वरच असायचा.

मामा गेला ते ऐकलं होतं. मामी आहे. हिरवी आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भेटायला जायला हवं. ऑफिसपासून तिची वाडी चालत जाण्यासारखी आहे. पण काय म्हणून जाऊ? ‘काय करतोस’ विचारेल. मग देवरूखला आईला फोन लावेल. मग आई म्हणेल, एवढ्या जवळ आहेस तर घरी ये. बघू.

आज मात्र गंमत झाली. कल्याणहून तिच्या मुलाचा, केतनचा, फोन. आम्ही राहायचो तेव्हा तो मोठा होता, नोकरी शोधायला मुंबईला गेलेला, मला ओळखणार नाही. मीही नाव सोहम सांगितलं. ऑफिसात सगळेच फोनवर दुसरं नाव सांगतात, शिव्या त्या नावाला बसतात.

‘अहो, झोपा काढता काय तुम्ही? आईकडचा कॅमेरा दोन तास बंद होता!’

मी बघितलं. खरंच बंद होता, अकराच्या सुमारास, आणि मग चालू. वाडीतली बाकीची घरं त्या वेळी हिरवीच होती. सगळी वाडी गेली असती तर खांबावरच्या डब्यात बिघाड. एकच गेलं म्हणजे बिघाड त्या घरातला.

मामीला फोन लावला. 

‘मॅडम, केबल ऑफिसमधून सोहम बोलतोय. मोडेमवर दिवे किती लागलेत?’

‘चार. एक मिचमिचतोय.’

‘मिचमिचू दे. वायर घट्ट बसलीय का बघा जरा... तुमच्याकडे कोंबडं आरवतंय का?’

‘होय. वेळकाळ नाय त्याला. का हो?’

‘नाही, सहज.’

 मग म्हणाली, ‘जेवलात काय तुम्ही?’

मी म्हटलं, जेवलो. आवाज तसाच आहे तिचा, जरा घोगरा झालाय. ओळखलं नाही तिने, ते एक बरं झालं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

विचित्र फॉल्ट आहे. परवा अकराला, काल बाराला, आज एकला. रोज तासभर पुढे सरकतोय. दोन-अडीच तास लाल, मग आपोआप हिरवा.

वायरीत पाणी गेलं, उंदराने कुरतडली, खाऱ्या हवेने टोक गंजलं, तर मोडेम आधी कुरकुरतो. परतीचा सिग्नल जोर लावायला लागतो, चुका वाढतात, तो दहा वेळा पडतो आणि उठतो. ते सगळं मागे नोंदलेलं दिसतं. हिच्याकडे काहीच नाही. चांगलं बोलत बसलेला माणूस वाक्य अर्धवट टाकून उठून जावा, तसा जातो. म्हणजे करंट जातो. रघूला, आमच्या लाइनमनला, सांगितलंय अडाप्टर बदलून ये. उन्हाने गरम होऊन बंद पडत असेल, मग थंड झाला की सुरू. पण ऊन रोज तासभर पुढे कशाला सरकेल, हे मला सांगता येत नाही.

केतनचा परत फोन आला. आज ओरडला नाही, सगळं सांगितलं. मामी दिवाळीत खडकावर घसरली, मनगट मोडलं. त्याने तिला कल्याणला न्यायचं ठरवलं होतं, तिने खाणं सोडलं. शेवटी तोड निघाली: पडवीत कॅमेरा राहील, ती दिवसभर त्याला दिसत राहील आणि खडकावर जायचं बंद. हे पाळलं तर वाडीत, नाहीतर कल्याण.

‘दादा, तिकडे तिसऱ्या मजल्यावर ती जगायची नाही. मला कळतं ते. पण एकटी कुठे पडून राहिली तर? तुमची लाइन नीट चालवा, एवढंच मागणं आहे.’

म्हणजे मामीचं वाडीत राहणं त्या अडाप्टरवर आहे. आणि माझ्यावर.

खडकावरून आठवलं. मामी मला कालवं काढायला न्यायची. ती लहान कोयतीने खडकाला चिकटलेला शिंपला टचकन उघडायची, आतला गर पाटीत. पहिलं कालव मला, तिथेच, खाऱ्या पाण्यासकट. जायची वेळ काही ठरलेली नसायची. कधी शाळेतून आल्यावर, कधी शाळा बुडवून, कधी भर दुपारी हाक मारायची, ‘ऊठ रे, पाणी गेलं!’ मला वाटायचं, तिच्या लहरीवर आहे. आई चिडायची. मला ते सगळ्यात आवडायचं, की वेळ ठरलेली नाही.

असो. अडाप्टर.

सोमवार, १० फेब्रुवारी

नवीन अडाप्टर लावला तरी आज साडेतीनला गेलाच. रघू म्हणतो, ‘म्हातारीने मला चहा दिला, तळलेले बांगडे दिले, आणि विचारलं, तो फोनवर बोलणारा दिसायला कसा आहे.’

‘तू काय सांगितलंस?’

‘काटकुळा आहे म्हटलं. खुर्चीत टिकत नाही.’

मी फोन लावला. ‘मॅडम, प्लग सैल आहे का?’

‘नाय हो, घट्ट आहे.’

‘त्याच बोर्डावर दुसरं काही लावता का? मिक्सर?’

‘मिक्सर आहे. पण वाटप मी पाट्यावर करते. तुम्ही राहता कुठे?’

‘ऑफिसच्या वरच, गोडाऊनमध्ये.’

‘तिथे काय राहायचं! आमची पडवीतली खोली रिकामी आहे. पोरांना सांगा तुमच्या, कुणाला हवी असेल तर. चांगला माणूस हवा. थोडा वेंधळा असला तरी चालेल.’

सांगतो म्हटलं. भाड्यासाठी धडपडतेय बिचारी.

संध्याकाळी कारवारहून जुन्या मित्राचा फोन. तिथे बोटीवर पर्यटकांना फिरवायचं काम आहे, एक मार्चपासून. डॉल्फिन दाखवायचे. मी हो म्हणून टाकलं. तीन महिने झालेच की इथे.

रविवार, १६ फेब्रुवारी

फॉल्ट गेला! चार दिवस मोडेम सकाळपासून रात्रीपर्यंत हिरवा. शेवटचा गेला तो पाचच्या पुढे, काळोख पडायच्या आत आला, आणि मग काहीच नाही. अनिलदादाने पाठीवर थाप मारली. केतननेही फोन करून थँक्यू म्हटलं, पण आवाज काही खूश वाटला नाही. उलट विचारलं, ‘मधे एकदाही गेला नाही? नक्की ना?’ लोकांना लाइन चालू असली तरी त्रास.

चार दिवस मामीला फोन करायला कारण नव्हतं. उगाच तिच्या ओळीवर बोट ठेवून बसतो. सिग्नल उत्तम. आज दुपारी एक मोठं घुबड खांबावर बसलं होतं, त्यामागे तास गेला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

परत. आता सकाळी! आठला लाल, दहाला हिरवा.

अनिलदादा वैतागला. केतनचा फोन त्यानेच घेतला. केतनने सांगितलं, हे असंच राहिलं तर शिमग्याला येईन आणि घर बंद करून आईला घेऊन जाईन. अनिलदादा मला म्हणाला, ‘तुला कारण सापडत नसेल तर स्पष्ट सांग, आपण ती लाइनच काढून टाकू. एका गिऱ्हाइकापायी रोजची बोलणी कोण खाणार?’

म्हटलं, दोन दिवस द्या.

शेजारच्या तुळसाबाईंचा मोडेम तपासला, साफ. खांबावरचा डबा साफ. वायर साफ. सगळं साफ आहे आणि मामी चाललीय कल्याणला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज कळलं. अजून हसू येतंय.

साडेनऊला मोडेम लाल झाला आणि माझ्याच्याने बसवेना. ठरवलं, निदान बाहेरून वायर बघू. निघालो वाडीकडे आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर थांबलो, कारण होड्या चिखलात तिरक्या बसल्या होत्या आणि एक कुत्रा प्रत्येक होडीचा वास घेत चालला होता. त्याच्याकडे बघत बघत नजर पुढे गेली. पाणी पार लांब गेलेलं. काळे खडक उघडे. त्यावर दोन बायका वाकलेल्या. एक शेजारची तुळसाबाई. दुसरी लुगडं खोचून, डावा हात खडकावर टेकून, मान जरा तिरकी. ती मान मी कुठेही ओळखेन.

ओहोटी. रोज तासभर पुढे. काळोखात खडकावर कोण जाईल, म्हणून चार दिवस बंद. मी कसला गाढव आहे! देवरूखच्या डोंगरात वाढलं की असं होतं. पण पाच वर्षं तर इथे होतो ना मी.

प्लग काढते, कॅमेरा आंधळा करते, पाटी घेते, जाते. परत येऊन प्लग लावते. केतनला वाटतं, लाइन गेली.

हाक मारावीशी वाटली. मारली नाही. ऑफिसात येऊन स्क्रीनसमोर बसलो. साडेअकराच्या पुढे हिरवा झाला आणि मी एवढा मोठा श्वास सोडला की रघूने वर बघितलं.

आता करायचं काय? खरं कारण लिहिलं तर ती गेलीच कल्याणला. खोटं लिहिलं आणि उद्या ती घसरली तर? तुळसाबाई बरोबर असते, पण तिचीही साठी उलटलेली.

दुपारी फोन केला.

‘मॅडम, प्लगविषयी बोलायचं होतं.’

‘बोला.’

‘काढलात तर काढलात. पण परत लावायला विसरू नका. इकडे हिरवं दिसलं की आम्हाला जरा बरं वाटतं.’

मागे कोंबडं आरवलं.

‘लावते हो,’ म्हणाली. ‘कधी विसरलेय?’

अनिलदादाच्या वहीत लिहिलं: तपास चालू.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला लाल. ठीक. गेली.

साडेबारा. लाल. एक. लाल. फोन लावला, वाजून वाजून बंद. तुळसाबाईंचा नंबर काढला, तोही कुणी उचलेना. पाणी वर चढायला लागलेलं असणार. मी इथून काय करू शकतो? तिच्या मोडेमला हाक पाठवू शकतो आणि तो उत्तर देत नाही, एवढंच बघू शकतो. पाच वेळा पाठवली.

मग उठलो. अनिलदादा ओरडला, ‘अरे, फोन कोण घेणार?’ चपला घातल्या की नाही, आठवत नाही. घातल्या नव्हत्या, आता पाय बघतोय तर.

खडकांवर कुणी नव्हतं. अर्धे बुडालेले. मी ‘मामी’ म्हणून ओरडलो, दोनदा, तीनदा. मग वर वाडीत पळालो.

मामी पडवीच्या पायरीवर बसून कालवं सोलत होती. प्लग बाजूला लोंबत होता.

‘आलास?’ म्हणाली. ‘बस. हात धू.’

 म्हटलं, ‘फोन का नाही उचललात?’

‘बघत होते. नुसता फोनवर बोलतोस की उठून येतोस ते.’

‘तुम्ही ओळखलंत मला?’

‘पहिल्याच दिवशी, मेल्या! कुठला कंपनीवाला कोंबडं आरवतंय का विचारतो?’

तुळसाबाई कुंपणापलीकडून हसली. तिला पण फोन उचलू नको म्हणून सांगून ठेवलं होतं. मी चिडलो, खरंच चिडलो, म्हटलं माझा जीव जायची वेळ आली होती. मामी म्हणाली, ‘मग आता कळलं ना केतनला काय होतं ते. मलाही कळतं हो. पण पाणी गेलं की मला घरात बसवत नाय. पाय आपोआप उठतात. तुला काय सांगायचं, तुझे तर कायमचेच उठलेत.’

मी तिला सांगितलं, केतन शिमग्याला येणार आहे. घर बंद करायला. तिला एवढं माहीत नव्हतं. हातातलं कालव हातातच राहिलं.

रड नाही, आरडाओरड नाही. खोलीकडे बघून एवढंच म्हणाली, ‘कौलं यंदाच शाकारून घेतली होती.’

प्लग मी लावला. जेवलो. पातळ कालवण, वर नाचणीची भाकरी. मग गोडाऊनवर जाऊन माझी पिशवी घेऊन आलो. दोन-चार दिवस राहतो म्हटलं. कारवार एक तारखेला आहे, तोवर काहीतरी सुचेल. खोली लहान झालीय. की मी मोठा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज सुट्टी घेतली. अनिलदादा काय बोलला ते लिहीत नाही.

सकाळी मामीला म्हटलं, आज प्लग काढायचा नाही. मी आहे घरात, दारातून खडक दिसतो. मामी कॅमेऱ्यासमोर गेली, पाटी वर करून दाखवली, कोयती दाखवली आणि तुळसाबाईबरोबर उतरली. मी म्हटलं, झालं, आता फोन येणार. आला नाही.

दारात बसून हे लिहीत होतो तेव्हा रिक्षा थांबली. एक जाडसर माणूस उतरला, हातात मोठी बॅग, इतकी हलकी की वाऱ्याने हलत होती. रिकामी. मी उभा राहिलो.

‘कोण तुम्ही? आई कुठाय?’

‘त्या खाली...’

‘सोहम!’ आवाजावरून ओळखलं त्याने. ‘केबलवाले ना तुम्ही? इथे काय करताय?’

सांगितलं सगळं. नाव समर्थ, कंडक्टरांचा मुलगा, ही खोली, कालची गोष्ट. खडकावर गेलीय हेही सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता, दारातून दिसतच होती.

केतन पायरीवर बसला. ‘माहितीय,’ म्हणाला. ‘गाडीत मोबाइलवर बघितलं. पाटी दाखवून गेली.’ मग म्हणाला, ‘रोज तासभर पुढे सरकत होतं. मी दर्यावरचा, खारव्याचा पोर, मला कळणार नाही?’

‘मग तक्रारी कशाला करत होता?’

‘तक्रार केली की तुम्ही तिकडे लक्ष ठेवता. मी कल्याणहून काय ठेवणार? मोबाइलवर कॅमेऱ्याचा ठिपका लाल झाला की कामावर घड्याळ बघत बसायचो. हिरवं झालं की डबा उघडायचो. काल उशिरा हिरवं झालं, पण तोवर तिकीट काढलं होतं.’ बॅगेकडे बघितलं त्याने. ‘मला नाही जमत आता हे.’

मी चहा विचारला. नको म्हणाला.

‘तुम्ही इथे किती दिवस?’

हे मला गोव्यात विचारलंय, सावर्ड्यात विचारलंय, पालीला गाडीवर सुद्धा. उत्तर ठरलेलं आहे: बघू.

‘पावसाळा काढतो,’ म्हटलं. ‘रोज खाली तिच्याबरोबर जाईन. तुम्हाला कळवत राहीन. लाल-हिरवं नाही, फोन करून.’

तो माझ्याकडे बघत राहिला. वेंधळ्या माणसावर किती भरवसा ठेवायचा, ते मोजत असावा. मग बूट काढले, मोजे आत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बॅग पडवीतच राहिली. आता तो खडकांकडे चाललाय, सवय मोडलेल्या माणसासारखा, एकेक पाय चाचपत. तुळसाबाईने बघितलंय, पण ती गप्प आहे. मामी पाठमोरी वाकलेली. कोण आलंय ते तिला अजून माहीत नाही.